पाण्यात न्यायचा की अंधारात? वाचकांच्या कॅमेरा-प्रश्नांना उत्तरे

पावसाळा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळची बहुतेक पत्रे एकाच पेचाबद्दल आहेत: लेन्स बदलता येणारा, व्यावसायिक दर्जाचा मिररलेस कॅमेरा घ्यावा, की पाण्या-चिखलात बिनधास्त नेता येणारा दणकट कॉम्पॅक्ट?

प्रश्न : पावसाळ्यात सात-आठ ट्रेक होतात. आतापर्यंत फोनवर भागवलं. आता लाखभर रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानदार म्हणतो मिररलेस घ्या, ग्रुपमधले म्हणतात ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ हा दणकट कॉम्पॅक्ट घे. चांगल्या फोटोंचे मोठे प्रिंटही काढायचे आहेत. — एक वाचक, पुणे

आधी घरी बसून एक काम करा. गेल्या दोन पावसाळ्यांतले फोनमधले फोटो वेळेनुसार लावा आणि दोन गोष्टी शोधा. सकाळी सातच्या आधीचे व संध्याकाळी साडेसहानंतरचे किती फोटो गिचमिडीत गेले? आणि कोणत्या जागांचा एकही फोटो नाही, कारण तेव्हा फोन पिशवीत गुंडाळलेला होता? पहिली संख्या मोठी असेल तर तुमची अडचण प्रकाशाची आहे. दुसरी मोठी असेल तर पाण्याची. दोन्ही कॅमेरे दोन वेगळ्या अडचणींवरचे उपाय आहेत.

आता आकडे. टीजी-७चा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, १/२.३३ इंची, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या मिररलेसचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेरा पट. त्याहून मोठा फुल फ्रेम तीस पट. दुकानदार हाच आकडा सांगतो, पण लेन्सचा हिशोब सांगत नाही. लेन्सचा एफ-आकडा जेवढा लहान, तेवढा उजेड जास्त. टीजी-७ची लेन्स रुंद टोकाला एफ/२ आहे, तर मिररलेससोबत मिळणारी स्वस्त किट लेन्स त्याच टोकाला बहुधा एफ/३.५. त्यामुळे सेन्सरने कमावलेल्या तेरा पटींतला दोन-तृतीयांशाहून जास्त फायदा लेन्स खाऊन टाकते आणि हातात उरतो चौपट. झूम पूर्ण पुढे नेला की मात्र टीजी एफ/४.९ वर येतो आणि दरी पुन्हा रुंद होते. सार असं, की किट लेन्ससह मिररलेस घेऊन ती कायमची तशीच ठेवणार असाल, तर दुकानात दाखवतात तेवढा फरक पडणार नाही. एफ/२ किंवा एफ/१.८ ची एक साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स बजेटमध्ये बसत असेल तरच मिररलेसचा खरा उपयोग.

प्रिंटचं म्हणाल तर टीजी-७चा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर १३ बाय १० इंच. २४ मेगापिक्सेलवर २० बाय १३ इंच. पण आकार ही अर्धीच गोष्ट. भर दुपारी, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० वर काढलेला टीजीचा फोटो १२ बाय ९ इंचांत छान दिसतो. तोच कॅमेरा धुक्यात किंवा गुहेत आयएसओ ८०० च्या वर गेला की गवताची पाती एकमेकांत विरघळतात आणि प्रिंट रंगवल्यासारखा दिसतो. शिवाय टीजीत शटर-प्राधान्य (शटर किती वेळ उघडा राहील ते आपण ठरवायचं) आणि पूर्ण मॅन्युअल हे दोन मोड नाहीत. धबधब्याचं पाणी रेशमासारखं दाखवायला ठरावीक शटर-वेळ हवा असतो, तिथे हात बांधले जातात. काजव्यांसाठी मात्र त्यात ‘लाइव्ह कॉम्पोझिट’ आहे, एकावर एक फ्रेम रचत फक्त नवा उजेड जमा करणारा. ट्रायपॉड लावला तर काम भागतं, पण मोठ्या सेन्सरची सफाई त्यात येत नाही.

आता पाणी. टीजी-७ पंधरा मीटर खोलीपर्यंत चालतो, २.१ मीटरवरून पडण्याची आणि उणे १० अंश थंडीची चाचणी त्याने दिलेली आहे, वजन सुमारे २५० ग्रॅम. एक गोष्ट लक्षात घ्या: पडण्याच्या अशा चाचण्या साधारणपणे जाड प्लायवूडवर होतात, काळ्या कातळाच्या धारेवर नाही. मिररलेसमध्ये ‘वेदर सील्ड’, म्हणजे पाऊस-धुळीपासून बंदिस्त, हा शब्द आणखी सैल आहे. ओएम-५ सारख्या बॉडीवर आयपी५३ असं लिहिलेलं असतं. यातला ५ धुळीचा आणि ३ पाण्याचा. हा ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपा येणारा फवारा. नाणेघाटात किंवा कोकणकड्यावर पाऊस खालून वर येतो. त्याची सोय त्या आकड्यात नाही.

दुसरी मेख लेन्सची. बॉडी सील्ड आणि लेन्स साधी, ही जोडी म्हणजे छत्री उघडून चप्पल घालून पुरात उतरणं. फुजीफिल्मच्या एक्स-टी५ ची बॉडी सील्ड आहे, पण तिच्यावर बरेचजण लावतात ती १८-५५ एफ/२.८-४ लेन्स सील्ड नाही. १६-८० एफ/४ सील्ड आहे, तिच्या नावात तशी डब्ल्यूआर (वेदर रेझिस्टंट) ही अक्षरं आहेत. कॅननच्या आर७ चंही तसंच: बॉडी सील्ड, सोबत मिळणारी १८-१५० नाही. दुकानात लेन्स उलटी धरून धातूच्या माउंटभोवती, म्हणजे बॉडीला जोडायच्या टोकाभोवती, बारीक रबरी कडं आहे का ते नखाने चाचपून पाहा. कडं नसेल तर पाणी तिथूनच आत जाणार. कडं असलं तरी आत पाणी गेल्यावर वॉरंटी हात वर करते, हेही गृहीत धरा.

तुमच्या पत्रावरून आमचा कौल असा: फोन हाताशी ठेवा आणि त्याच्या जोडीला टीजी घ्या. कोरड्या उजेडातल्या विस्तीर्ण दृश्यात चालू काळातला चांगला फोन टीजीपेक्षा सरस फोटो देतो, त्यासाठी टीजी विकत घेण्यात अर्थ नाही. टीजी घ्यायचा तो ओढा ओलांडताना, दोरावर लटकताना, चिखलाच्या हातांनी काढायच्या फोटोंसाठी. अमेरिकेत तो ५५० डॉलरला बाजारात आला होता. तेव्हा लाखातली उरलेली रक्कम, पुढे मिररलेस घेतलात तर, एखाद्या सील्ड लेन्सकडे वळवता येईल. फोटो वेळेनुसार लावल्यावर मात्र पहाटेचेच वाया गेलेले निघाले, तर हा कौल उलटा करा आणि दुकानदाराचं ऐका.

प्रश्न : तारकर्लीला स्नॉर्कलिंगसाठी घेतलेला वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट दुसऱ्याच हंगामात आतून भिजला. फक्त तीन मीटर खाली गेलो होतो, कॅमेरा पंधरा मीटरचा. कंपनीने ‘वापरणाऱ्याची चूक’ म्हणून परत पाठवला. नेमकी चूक कोणती? पुन्हा तसाच घ्यावा का? — एक वाचक, वेंगुर्ले

कंपनीचं उत्तर चीड आणणारं आहे, पण कारण बहुतेक वेळा खरंच झाकणापाशी सापडतं. बॅटरी-कार्डाचं झाकण उघडा. आतल्या कडेने दीड-दोन मिलिमीटर रुंदीचं मऊ रबर फिरलेलं दिसेल. पाणी आणि सर्किट यांच्यामध्ये उभं असलेलं ते एवढंच. त्यावर वाळूचा एक कण, पापणीचा केस किंवा सुकलेल्या मिठाचा स्फटिक बसला तर रबर तेवढ्या जागी उचललं जातं. खाली तीन मीटरला जमिनीवरच्या दाबाच्या तीस टक्के जादा दाब असतो. त्या फटीतून पाणी आत यायला तेवढा पुरतो.

आणखी तीन कारणं वारंवार दिसतात. एक, कॅमेरा उन्हात तापलेल्या होडीच्या फळीवर ठेवून थेट पाण्यात टाकणं. आतली गरम हवा एकदम आकसते, आतला दाब घटतो आणि कमकुवत जागेतून पाणी ओढलं जातं. दोन, सनस्क्रीन आणि डास पळवणारी मलमं. त्यातली रसायनं रबर आणि प्लास्टिक दोन्ही बिघडवतात, आणि लावलेल्याच हातांनी आपण झाकण उघडतो. तीन, वय. हे रबर दरवर्षी बदलायचं असतं, पाण्यात गेला नाहीत तरी. दुसरा हंगाम म्हटल्यावर पहिला संशय यावरच येतो.

पुढच्या वेळी असं करा. आदल्या रात्री, खोलीत पंखा बंद करून, कोरड्या हातांनी बॅटरी पूर्ण चार्ज करून आणि रिकामं कार्ड घालून झाकण लावा. टीजी-७ एका चार्जमध्ये सुमारे ३३० फोटो देतो, एका फेरीला पुष्कळ झाले. लावण्यापूर्वी रबरावरून उजेडाच्या दिशेने तिरपं पाहा, केस लगेच चमकतो. धागे सुटणारं कापड नको, चष्म्याचं कापड घ्या. टोकदार पिन अजिबात नको. झाकण लावल्यावर खटका आणि लॉक दोन्ही तपासा. यूएसबीचं झाकण वेगळं असतं, लोक ते विसरतात. मग बादलीत पाच मिनिटं बुडवून बुडबुडे येतात का पाहा. बादलीत दहा मीटरचा दाब नसतो, तेव्हा ही परीक्षा पास झाली म्हणजे हमी नव्हे, पण नापास झाली तर हजारो रुपये वाचतात.

खोलीत एसी असेल तर झाकण तिथेच बंद करा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बंद केलंत तर तीच वाफ आत अडकते, थंड पाण्यात गेल्यावर पुढच्या काचेवर आतून धुकं धरतं, आणि लोकांना वाटतं कॅमेरा गळतोय.

पाण्यातून आल्यावर झाकण न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवा, म्हणजे फटींतलं मीठ विरघळतं. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका. पंचाने पुसून सावलीत वाळवा, आणि उघडताना झाकण जमिनीकडे ठेवा. कडेला अडकलेला थेंब मग खाली पडतो, आत नाही. कॅमेरा बुडतो, हेही लक्षात ठेवा: तरंगणारा मनगटी पट्टा लावल्याशिवाय होडीतून उतरू नका.

पुन्हा घ्यावा का? स्नॉर्कलिंगसाठी हो. मिररलेस पाण्याखाली न्यायचा तर हाउसिंग (जलरोधक पेटी) लागतं आणि ते कित्येकदा बॉडीइतकं महाग पडतं. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळाचे कण तरंगत असतात. फ्लॅश लावलात तर ते सगळे पांढरे ठिपके होऊन फोटोत येतात, म्हणून फ्लॅश बंद ठेवा आणि विषयापासून हातभर अंतरावर जा. पाण्यात लाल रंग पहिल्या चार-पाच मीटरांतच नाहीसा होऊ लागतो. पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) निवडा आणि रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली फाइल ठेवा, नाहीतर सगळेच मासे हिरवट निळे.

आणि पाणी शिरलंच तर चालू करून बघण्याचा मोह आवरा. बॅटरी ताबडतोब काढा. कार्ड गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, फोटो बहुधा वाचतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने कॅमेरा वाचत नाही, फक्त पिठूळ होतो.

प्रश्न : कासच्या पठारावरची अगदी बारकी फुलं आणि आंबोलीतले बेडूक हे माझे विषय. वर्गात मुलांना दाखवायचे असतात. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सचा भाव ऐकून धडकी भरली. — एक शिक्षिका, सातारा

तुमच्यासाठी दणकट कॉम्पॅक्ट हाच पहिला पर्याय, आणि तो वॉटरप्रूफ आहे म्हणून नाही. टीजी मालिकेतला मायक्रोस्कोप मोड लेन्सच्या काचेपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतो. झूम पूर्ण पुढे घेतला तर तांदळाचा दाणा जवळजवळ चौकट भरतो. इथे छोट्या सेन्सरचा दोष गुण होतो: फोकसची खोली जास्त मिळते. दवबिंदूच्या झाडाचे, म्हणजे ड्रोसेराचे, चिकट थेंबांचे तंतू एकाच फोटोत पुढून मागपर्यंत स्पष्ट येतात. मिररलेसवर तेच करायला लेन्सचं छिद्र पुष्कळ लहान करावं लागतं आणि उजेडाची सोय करावी लागते. कॅमेऱ्यातच फोकस स्टॅकिंग आहे: वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन तो स्वतः एक बनवतो. वारा पडलेला असेल तरच वापरा. कासवर तो सकाळी लवकर पडलेला असतो.

अडचण एकच, सावलीची. एक सेंटिमीटरवर गेल्यावर कॅमेराच उजेड अडवतो. त्यासाठी लेन्सभोवती बसणारं एलजी-१ नावाचं कडं मिळतं, ते कॅमेऱ्याच्या दिव्याचा उजेड गोलाकार पसरवतं. एफडी-१ फ्लॅशसाठी. दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर बेडकांसाठी एफडी-१, कारण बेडूक हलतो. रिकोच्या डब्ल्यूजी मालिकेतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत लेन्सभोवती सहा दिवे मुळातच असतात, पण त्यांचा फोटो टीजीइतका चोख येत नाही. पठारावर फुलांत गुडघे टेकू नका, ठरवून दिलेल्या वाटेवरून जेवढं पोचतं तेवढंच. टीजीचं हे एक बरं आहे की हात लांबवून खाली धरता येतो.

एक सूचना मात्र ठळक समजा. आंबोलीत बेडकाशेजारीच हिरवा चापडा हा विषारी सापही बसलेला असू शकतो. एक सेंटिमीटरचा मोड सापासाठी नाही. तिथे शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स किंवा त्याहून लांब टेलिफोटोच हवी. ती नसेल तर दुरून झूमने काढा आणि घरी येऊन क्रॉप करा.

प्रश्न : बोगद्याच्या कामावर रोजच्या प्रगतीचे फोटो काढावे लागतात. दोन वर्षांत मिररलेसचा सेन्सर तीनदा साफ करून घेतला. — साइट इंजिनिअर, नाशिक

तुमच्या कामाला मिररलेस नकोच. सिमेंटच्या धुळीत लेन्स बदलली की सेन्सरवर डाग ठरलेले, आणि बाहेर सरकणारी झूम लेन्स पंपासारखी धूळ आत ओढते. दणकट कॉम्पॅक्टची लेन्स आतल्या आत हलते, बाहेर काहीच सरकत नाही. नोंदीसाठी १२ मेगापिक्सेल भरपूर. तारीख-वेळ फोटोवर छापण्याची सोय आहे का तेवढं घेण्यापूर्वी मेनूत पाहा. फ्लॅश तिथेही बंद ठेवा. हवेतली धूळ समुद्रातल्या गाळासारखीच चमकते. जोरदार टॉर्च कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला धरून उजेड पाडा, भिंतीच्या भेगाही तिरप्या उजेडातच नीट दिसतात. झाकणाच्या रबरावरचं सिमेंट ओल्या कापडाने नको, आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका.

प्रश्न : वारीत फोटो काढायला जातो. कॅमेरा मिररलेस, बॉडी सील्ड आहे, लेन्स नाही. नवी लेन्स परवडत नाही. — पत्रकारितेचा विद्यार्थी, सोलापूर

मग पिशवी. साधारण ४० बाय ६० सेंटिमीटरची जाड पारदर्शक पॉलिथिनची पिशवी घ्या. बंद टोकाला लेन्सहूडच्या व्यासापेक्षा थोडं लहान भोक पाडा, त्यातून हूड बाहेर काढा आणि हूडवर दोन रबरबँड लावा, एक पुरत नाही. मागच्या बाजूला व्ह्यूफाइंडरएवढं भोक करून रबरी आयकप पिशवीच्या बाहेरून बसवा, म्हणजे तोच पिशवी दाबून धरतो. दोन्ही हात खालच्या उघड्या बाजूने आत. खालची बाजू बांधू नका, हातांची वाफ बाहेर जाऊ द्या.

पावसात झूमची कडी कमीत कमी फिरवा, ओली नळी आत जाताना पाणी घेऊन जाते. लेन्स बदलू नका. दोन फडकी ठेवा: बॉडीला सुती पंचा, काचेला मायक्रोफायबर, आणि त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. पालखी मुक्कामी पोचल्यावर ओला कॅमेरा बॅगेत कोंबण्याऐवजी पुसून, बॅटरीचं झाकण उघडून तासभर वाऱ्यावर ठेवा. दणकट कॉम्पॅक्ट इथे उपयोगाचा नाही. संध्याकाळच्या ढगाळ उजेडात धावणाऱ्या रिंगणाला १/५०० सेकंद हवा असतो, तेवढ्यात छोटा सेन्सर हार मानतो.

प्रश्न : कॅमेरा कपाटात ठेवूनही लेन्सला बुरशी आली. दणकट कॅमेऱ्याला येत नाही म्हणतात, खरं का? — ठाणे

सील शाबूत असेल तर सहसा नाही. आत कोंडलेल्या हवेत ओल असली तर त्यालाही येते. बुरशीला साठ-पासष्ट टक्क्यांच्या वरची आर्द्रता पुरते, आणि जुलैत बंद कपाटात ती सहज असते. त्यात चामड्याची केस म्हणजे बुरशीचं माहेरच.

ड्राय कॅबिनेट घेणार असाल तर ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. तीसच्या खाली गेलात तर रबर आणि वंगण सुकतं. स्वस्तातला उपाय: रबरी कड्याचा दहा लिटरचा हवाबंद डबा, दोनशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर. आकडा पन्नासच्या वर सरकला की जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा, गार झाल्यावरच डब्यात टाका. डांबरगोळ्या लेन्सच्या डब्यात कधीही नकोत. आलेली बुरशी कोळ्याच्या जाळ्याइतकी विरळ असेल तर जाणकार कारागीर ती साफ करून देतो. महिनोन्महिने तशीच ठेवली तर ती काचेवरचा लेप खाते आणि तो डाग मग निघत नाही.

प्रश्न : भाच्यासाठी इथून मिररलेस आणायचा आहे. चार्जर चालेल का? — न्यू जर्सी

चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर चालेल, फक्त पिन बदलावी लागेल. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत आणा, चेक-इनमध्ये नाही. पण वॉरंटी बऱ्याचदा त्याच देशापुरती असते. म्हणून बॉडी भाच्याला भारतातच घेऊ द्या आणि तुम्ही लेन्स आणा. लेन्स बॉडीच्या मानाने कमी बिघडते आणि पुढची बॉडी घेतली तरी चालते. माउंट कोणता, हे मात्र त्याला विचारूनच.